आधी नकाशा गावात लावा

‘एनए प्लॉट. बुकिंग सुरू.’ पालघर जिल्ह्याच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात अशा पाट्या आता वळणावळणावर दिसतात. पाटीवर बुलेट ट्रेनचं स्टेशन असतं, वाढवण बंदर असतं, डहाणू लोकल असते, हप्त्यांची सोयही असते. पिण्याचं पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, एवढंच नसतं. पाटी लावणाऱ्याला माल विकायचा आहे, त्याच्याकडून ती अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती रेखांकनावर (लेआउटवर) सही करणाऱ्याकडून. याच पट्ट्यातल्या सालवडसारख्या गावाचं पुढच्या पन्नास वर्षांचं जगणं ज्या कागदावर ठरतं, तो कागद गावाला दिसतच नाही.

म्हणून सरळ मागणी करतो. निवासी रेखांकनाला अंतिम मंजुरी देण्याआधी त्याचा नकाशा महिनाभर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आणि छाननी करणाऱ्याने एकदा तरी त्या शेतात उभं राहून नकाशा हातात धरावा.

गावाला कोण विचारतं?

सालवडचा कारभार ग्रामपंचायतीचा आणि जमिनीचा भाव शहराचा, इथूनच घोळ सुरू होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार रेखांकनाचा अर्ज जिल्हा पातळीवर जातो. नगररचना शाखा नकाशा तपासते, महसूल खातं मालकी पाहतं, भूमी अभिलेख मोजणी करतं. आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग सीमांकन होतं, मग अंतिम मंजुरी. त्यानंतर कमी-जास्त पत्रक निघून एकेका भूखंडाचा वेगळा सातबारा तयार होतो.

या सगळ्या साखळीत गावकरी कुठेच नाही. विकास आराखडा करताना लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. एकेका रेखांकनासाठी तशी सक्ती नाही. पण विहीर कोरडी पडली, गटार तुंबलं, कचरा रस्त्यावर आला की लोक सरपंचाच्याच दारात उभे राहतात. निस्तरायचं ज्याला आहे, त्याला आधी विचारायला काय हरकत आहे?

१३० चौकोन म्हणजे किती माणसं?

एक हिशेब मांडून बघू. सालवडच्या शिवारात दोन हेक्टरचं रेखांकन आलं आहे असं धरा. जागा २०,००० चौरस मीटर. दहा टक्के मोकळी जागा म्हणजे २,००० चौरस मीटर वजा. अंतर्गत रस्त्यांत साधारण साडेचार हजार गेले. उरले साडेतेरा हजार. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तर एकेका गुंठ्याचे १३० भूखंड सहज बसतात.

नकाशावर ते १३० चौकोन दिसतात. उद्या त्या प्रत्येकावर तळमजला आणि दोन मजले चढणार, कारण औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्याला भाड्याची खोली हवी आहे आणि घरमालकाला बँकेचा हप्ता फेडायचा आहे. एका भूखंडावर तीन बिऱ्हाडं, बिऱ्हाडात चार माणसं. झाली १,५६० माणसं. शहरी मापाने माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं तर दिवसाला २ लाख १० हजार लिटर लागतं. दहा हजारी टँकर लावले तर रोज एकवीस. जल जीवन मिशनचं ग्रामीण माप माणशी ५५ लिटर आहे. त्या मापानेही ८५ हजार लिटर हवंच. शहरी मापाच्या पाण्यातलं ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडणार, म्हणजे रोज १ लाख ६८ हजार लिटर. माणशी ४०० ग्रॅम कचरा धरला तरी दिवसाला सहाशे किलोंवर.

ही एका रेखांकनाची गोष्ट झाली. शेजारच्या गटात दुसरं, नाल्यापलीकडे तिसरं. प्रत्येक फाईल स्वतंत्र तपासली जाते आणि प्रत्येक फाईल नियमात बसते. या सगळ्या फायलींचं सांडपाणी मात्र एकाच नाल्यात उतरतं. छाननीच्या टिपणीत माणसांचा, पाण्याचा आणि मैल्याचा आकडा लिहिलाच पाहिजे, आणि त्याच गावात आधी मंजूर झालेल्या रेखांकनांची बेरीज त्याखाली आली पाहिजे. या हिशेबाला संगणकही लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर लेखी हमीशिवाय पुढे जाऊच नये. सूर्या नदी आपल्या जिल्ह्याची. पण सूर्या प्रादेशिक योजनेचं रोजचं ४०३ दशलक्ष लिटर पाणी दक्षिणेला जायचं ठरलं आहे: वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८. नदीच्या जिल्ह्यातल्या गावाने नव्या १३० घरांना पाणी कोणाच्या भरवशावर द्यायचं, याचं उत्तर अर्जासोबत जोडलेलं हवं. ‘बोअरवेल प्रस्तावित’ हे उत्तर रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या गावात चालणार नाही. त्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आधी ठेवा.

पाण्याची वाट

पालघर तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भातखाचरांची रचना पिढ्यानपिढ्या त्या पावसाशी जुळवलेली आहे. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात उतरतं, तिथून ओहळात, ओहळातून खाडीकडे.

रेखांकनाचं पहिलं काम काय होतं? मुरमाचा भराव. डंपर येतात, खाचर तीन-चार फूट उचलतात, बांध गाडले जातात, वर चुन्याची फक्की मारून भूखंड आखले जातात. उन्हाळ्यात ते मैदान फार देखणं दिसतं. जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसाला शेजारच्या शेतकऱ्याच्या खाचरात पाणी साचून राहतं, कारण त्याची खाली जायची वाट भरावाखाली गेलेली असते. त्याची रोपं कुजतात आणि भूखंडधारकांच्या फाईलमध्ये त्याचं नावसुद्धा नसतं.

नकाशावर ही वाट दिसत नाही, कारण गटबुकात मोठा नाला दाखवतात, बांधाचं तोंड दाखवत नाहीत. ती वाट शेजारच्या शेतकऱ्याला माहीत असते. म्हणून पाहणी पावसाळ्यात करा आणि चतु:सीमेवरच्या खातेदारांना त्या दिवशी बांधावर बोलवा. भरावाची उंची आणि पाणी काढून देण्याची जागा नकाशात समपातळी रेषांसह दाखवायला लावा. ती दाखवली नसेल तर नकाशा परत पाठवा.

रस्ता कुठे जातो?

राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत अंतर्गत रस्त्याची रुंदी लांबीप्रमाणे वाढते. दीडशे मीटरपर्यंतच्या रस्त्याला नऊ मीटर. कागदावर ते नऊ मीटर बरोबर असतात. पण रस्ता टोकाला जाऊन कुंपणाच्या भिंतीवर आदळतो. शेजारचं रेखांकन आलं की तेही स्वतःचा नऊ मीटरचा रस्ता आखतं आणि दुसऱ्या बाजूने त्याच भिंतीपर्यंत येतं. दोन शेजारी वसाहती, मध्ये एक भिंत, आणि पलीकडे जायला मुख्य रस्त्याने वळसा. आग लागली तर बंबालाही तोच वळसा.

हे दुसरीकडे गैरसोय म्हणून खपून जाईल. सालवडमध्ये हा जिवाचा प्रश्न आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन संयंत्रं २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली. अणुप्रकल्पाभोवतीचा १६ किलोमीटरचा पट्टा आणीबाणीच्या नियोजनाचा धरला जातो, आणि सालवड त्या पट्ट्यात येतं. दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. मार्च २०१८ आणि ११ जानेवारी २०२० च्या स्फोटांत कामगार दगावले, ते या परिसराने अनुभवलं आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रेल्वेचे रूळ. उद्या काही तासांत माणसं हलवायची वेळ आली तर ती याच गल्ल्यांतून निघणार आहेत.

म्हणून या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या रेखांकनाला बाहेर पडायच्या दोन स्वतंत्र वाटा असल्याच पाहिजेत. शेजारच्या गटातला रस्ता जिथे संपतो तिथूनच आपला सुरू झाला पाहिजे. आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रत्येक नव्या रेखांकनाचा नकाशा आपल्या आराखड्यावर चढवला पाहिजे. वस्ती झाल्यावर रस्ता रुंद करणं म्हणजे कोणाचं तरी स्वयंपाकघर पाडणं. आज तिथे फक्त गवत आहे, आजच रेघ ओढा.

मोकळी जागा कोणाच्या वाट्याला?

२ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने राज्यातल्या बहुतेक भागाला एक नियम दिला. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी सोडायची. ती सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापराची. नियम चांगला आहे, पण तो कागदावरच संपवायच्या युक्त्याही ठरलेल्या आहेत.

एक युक्ती मोजमापाची. ०.४ हेक्टर म्हणजे चाळीस गुंठ्यांना जरा कमी. ऐंशी गुंठ्यांची जमीन आधी भावाभावांत किंवा ओळखीच्यांत एकोणचाळीस-एकोणचाळीसच्या दोन सातबाऱ्यांवर आणि दोन गुंठे तिसऱ्यावर टाकली, की दोन्ही फायली मर्यादेखाली जातात. पकडायची कशी? मागचे फेरफार काढा. मूळ गट केव्हा फुटला, कोणी फोडला, हे गाव नमुना सहामध्ये लिहिलेलं असतं. छाननी करणाऱ्याने चालू सातबाऱ्यावर थांबू नये.

दुसरी युक्ती जागेची. बोईसर हे उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांचं मोठं केंद्र आहे. मनोऱ्यांच्या तारांखाली घर बांधता येत नाही, मग तीच पट्टी ‘मोकळी जागा’ म्हणून हिरव्या रंगात रंगवायची. किंवा नाल्याकाठचा उतार, किंवा कोपऱ्यातला तिरका तुकडा, जिथे पोरांना धड विटी-दांडूसुद्धा खेळता येणार नाही. अशा जागेवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: इथे पोरं खेळतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला मोकळी जागा धरू नका.

आणि अंतिम मंजुरीआधी त्या जागेला चारी बाजूंनी दगड रोवा, झाडं लावा, पाटी ठोका. पाटीवर रेखांकनाचा मंजुरी क्रमांक आणि क्षेत्रफळ लिहा. मग दहा वर्षांनी तिथे कोणी गाळे बांधायला आला तर गावातलं शाळकरी पोरही त्याला पाटी दाखवेल.

हवा नकाशात येत नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले. हे गुण प्रदूषणाचे. देशात सगळ्यांत जास्त. हवा, पाणी आणि जमीन तिन्ही मिळून काढलेला हा आकडा आहे.

त्या क्षेत्राच्या कुशीत घरं बांधायला परवानगी देताना हा आकडा फाईलमध्ये असतो का? भूखंड आणि जवळचा रासायनिक कारखाना यांच्यात किती अंतर आहे, वारा वर्षातले किती महिने कुठून कुठे वाहतो, मध्ये झाडांचा पट्टा आहे का, हे छाननीत यायलाच हवं. घर घेणारा माणूस बहुतेक वेळा त्याच कारखान्यात पाळी करतो. आठ तास तो आत रसायनांचा वास घेतो. घरी आल्यावर त्याच्या लेकरांनी तरी वेगळी हवा घ्यावी, एवढी काळजी सरकारने घ्यायची नाही तर कोणी?

हे जमलेलं आहे

हे सगळं कागदी आदर्श आहे असं म्हणणाऱ्यांनी दादर-माटुंग्याला जावं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा नसलेल्या वस्त्यांनी केवढे बळी घेतले ते सरकारला दिसलं आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखली. आधी रस्ते, झाडं, बागा. नंतर भूखंड आणि घरं. शंभर वर्षं उलटली, इमारती बदलल्या, भाव गगनाला भिडले. पण फाइव्ह गार्डन्समध्ये आजही म्हातारी माणसं फिरतात आणि पोरं खेळतात, कारण ती जागा पहिल्या नकाशातच सोडलेली होती.

आणि उलट दाखला आपल्याच जिल्ह्यातला. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची एक अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली, १७ माणसं गेली. बांधणारे पैसे घेऊन मोकळे होतात आणि राहणारे जीव मुठीत धरून राहतात. वसई-विरार आज जिथे आहे, तिथे बोईसर-सालवड उद्या असणार. अजून वेळ आहे म्हणून हे बोलतो आहे.

‘मग गरिबाने घर कुठे घ्यायचं?’

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेला कामगार चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आयुष्य काढतो. त्याला एका गुंठ्याचं स्वप्न पडलं तर त्यात चूक काहीच नाही. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी जमीन विकणारा शेतकरीही गुन्हेगार नाही. परवानगीला वर्षानुवर्षं लागली की दोघंही नोटरीच्या कागदावर व्यवहार उरकतात.

कायदाही मग मागून धावतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्यातली १ जानेवारी २००१ ही मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० वर नेली. २०२५ मध्ये तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करायचं पाऊल सरकारने पुन्हा उचललं. तारीख पुढे सरकते, रस्ता रुंद होत नाही. कागद कायदेशीर होतो, पण गटार कुठून येणार?

गरिबाला स्वस्त घर हवंच, पण स्वस्त म्हणजे पाण्याविना आणि रस्त्याविना नव्हे. पाणी, रस्ता आणि गटार नसलेला प्लॉट सगळ्यांत महाग पडतो. टँकर, डास, दवाखाना असं करत तो आयुष्यभर वसुली करतो. म्हणून उपाय एकच: नियमात बसणाऱ्या रेखांकनाला ठरलेल्या मुदतीत मंजुरी द्या, अडवून ठेवू नका. कायद्यात साठ दिवसांची मुदत आहे, ती पाळा. त्यासाठी नगररचना शाखेत माणसं भरा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. एवढ्या वर्षांनंतर मनुष्यबळाची सबब चालायला नको.

घेणाऱ्याने काय बघावं?

‘एनए आहे’ या दोन शब्दांवर विसंबू नका. अकृषिक परवानगी म्हणजे जमिनीचा वापर बदलला. रेखांकन मंजूर झालं असा त्याचा अर्थ होत नाही. तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी वेगळी. अंतिम मंजुरीचा आदेश, शिक्क्याचा नकाशा आणि मोजणीची क-प्रत, हे तीन कागद मागा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आठहून जास्त भूखंड असतील तर महारेराची नोंदणी लागते. तो क्रमांक स्वतः तपासा. विकणारा जमीन आदिवासी खातेदाराची आहे हे लपवत असेल तर तिथेच थांबा. ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला मिळतच नाही आणि कोणा गरिबाची जमीन हिसकावून आपलं घर उभारायचं नाही. नकाशा देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ठराव मांडा

जिल्हाधिकाऱ्यांना हात जोडून सांगायचं आहे: नकाशा फलकावर लावायला नवा कायदा लागत नाही. तुमचं एक परिपत्रक पुरेसं आहे. ग्रामपंचायतीला प्रत पाठवा, तीस दिवस फलकावर ठेवा, आलेल्या हरकतींवर दोन ओळींचं का होईना उत्तर टिपणीत लिहा. पावसाळी पाहणीचे फोटो फाईलला जोडा. रस्ते, गटारं आणि मोकळी जागा शिवारात दिसल्याशिवाय अंतिम मंजुरीवर सही करू नका.

आणि सालवडकरांनो, सरकारची वाट बघत बसू नका. येत्या ग्रामसभेत चार ओळींचा ठराव मांडा: गावाच्या हद्दीतल्या प्रत्येक प्रस्तावित रेखांकनाचा नकाशा आम्हाला दाखवावा, पाण्याची लेखी हमी असल्याशिवाय मंजुरी देऊ नये, प्रत्येक मोठ्या रेखांकनाला बाहेर पडायच्या दोन वाटा असाव्यात, मोकळ्या जागेची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घेऊन या. पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न त्याच क्रमांकाचा विचारा.